लाडूची वही

एकतीस वर्षे मी बेडूक कापले. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, आणि त्या काळात प्राणिशास्त्र शिकवणे म्हणजे बऱ्याच अंशी बेडूक कापणेच होते. मेणाचा थर दिलेला ट्रे, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, चार पायांना चार टाचण्या आणि पोटाच्या कातडीला पहिली कात्री लावताना थरथरणारा बारावीतल्या एखाद्या मुलीचा हात. यकृत कुठे, पित्ताशय कुठे, हृदयाचे तीन कप्पे कसे ओळखायचे, हे मी आजही झोपेतून उठवले तरी सांगेन. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. विभागातल्या काहींनी नाके मुरडली. मीही मुरडले. बेडूक उघडून पाहिल्याशिवाय बेडूक कळणार कसा, असा माझा सवाल होता.

त्याचे उत्तर मला पुढे न्यू जर्सीत, एका अकरा वर्षांच्या मुलीकडून मिळाले. ती माझी नात.

२०२२ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलो. विमानतळावरून घरी आलो, बूट काढले, तोच नातीने हात धरून मला तिच्या खोलीत नेले. टेबलावर काचेची पेटी. पेटीत निळे-पांढरे रंगीत खडे, पाण्याची वाटी, प्लॅस्टिकचे एक झाड, आणि कोपऱ्यात हिरवट-तपकिरी रंगाचा, हाताच्या पंजाएवढा एक गोळा.

"आबा, हा लाडू. तुम्हाला बेडकांचं सगळं येतं ना? आई म्हणाली."

"सगळं," मी म्हणालो. प्राध्यापकाला दुसरे उत्तर सुचत नाही.

लाडू हा शिंगवाला बेडूक. आपल्याकडचा नव्हे, पक्का दक्षिण अमेरिकेचा. अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हिया या देशांत पसरलेला चाको नावाचा उष्ण, सपाट, काटेरी झुडपांचा मुलूख आहे, तिथल्या जातीचा. शिंगे नावालाच. डोळ्यांवरच्या पापणीची कातडी टोकदार होऊन वर आलेली असते, तेवढीच. शरीराच्या मानाने तोंड मात्र अवाढव्य. १९८० मध्ये जपानमध्ये 'पॅकमॅन' नावाचा व्हिडिओ गेम निघाला. त्यातल्या खादाड गोळ्याचे नाव या बेडकाला चिकटले आणि अमेरिकेतल्या दुकानांत तो त्याच नावाने विकला जातो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो.

मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला जाणारे. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजराची जावयांना ॲलर्जी, आणि नातीला तर प्राणी हवाच. दुकानातल्या माणसाने सांगितले, हा न्या, हा काहीच करत नाही. आठवड्यातून एकदोनदा खायला घाला, झाले. पेटीत घालायला रंगीत खडेही त्यानेच दिले.

'काहीच करत नाही' हे त्याचे म्हणणे एका परीने खरे होते. हा बेडूक भक्ष्याच्या मागे धावत नाही. मातीत किंवा पालापाचोळ्यात अंग रुतवून, फक्त डोळे आणि तोंड वर ठेवून तासन् तास बसतो. जवळून काही गेले की जीभ सुटते. ही जीभ किती चिकट असते हे जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये मोजले. ती स्वतःच्या वजनाहून अधिक भार ओढू शकते, असे दिसले. २०१७ मध्ये त्याच्या चाव्याचा जोरही मोजला गेला, आणि बेडकाच्या मानाने तो चकित करणारा निघाला. प्रयोगशाळांतून या प्राण्याची ताकद अशी बारकाईने मोजली गेली आहे. पण घरातल्या काचेच्या पेटीत तो बसलेला असताना त्याला बरे वाटते आहे की नाही, हे कसे मोजायचे? माझ्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. माझे सगळे बेडूक ट्रेमध्ये यायचे तेव्हा त्यांचे बरे-वाईट होऊन गेलेले असायचे.

नातीने शाळेच्या एका उपक्रमासाठी लाडूची वही ठेवली होती. डावीकडे तारीख, मग खाणे, मग 'शी', मग वजन आणि शेवटी 'काय केले'. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी लाडूचे वजन व्हायचे. (त्या काट्यावर मुलगी पीठ मोजत असे. मी आल्यावर तिने बेडकासाठी वेगळा काटा आणला.) 'काय केले' या रकान्यात बहुतेक दिवशी एकच शब्द होता, 'बसला'. मला हसू आले. असल्या नोंदी कशाला, असेही मी म्हणालो.

पहिला प्रसंग नोव्हेंबरातला. सकाळी नातीची हाक आली, "आबा, लाडूला काहीतरी होतंय!" जाऊन पाहतो तर लाडू अंग फुगवतोय, पाठ वाकवतोय, तोंड उघडतोय आणि मिटतोय, डोळे आत जातायत आणि बाहेर येतायत. मी चष्मा लावला आणि निदान सांगितले: झटके, कॅल्शियमची कमतरता. मुलगी ऑफिसला निघाली होती, ती थांबली. डॉक्टरांचा फोन नंबर शोधणे सुरू झाले. तेवढ्यात नातीने पेटीला नाक लावले आणि म्हणाली, "आबा, तो काहीतरी खातोय. स्वतःलाच खातोय."

लाडू कात टाकत होता. बेडूक आपली वरची पातळ त्वचा वरचेवर सोडतात, अंगाला पीळ देऊन ती तोंडाकडे ओढतात आणि गिळून टाकतात. गिळताना डोळे आत जातात, कारण डोळ्यांचे गोळे टाळूवर दाबून घास मागे सरकवायला बेडकाला उपयोगी पडतात. हे मी फळ्यावर आकृती काढून शेकडो मुलांना शिकवलेले होते. पण फळ्यावरचा बेडूक आणि सकाळी साडेसातला समोर आचके दिल्यासारखा करणारा बेडूक यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. नातीने वहीत लिहिले, 'कात खाल्ली. आबा घाबरले.'

दुसरा प्रसंग डिसेंबरातला. न्यू जर्सीच्या थंडीत घराची हीटिंग दिवसरात्र चालू, घरातली हवा पापडासारखी कोरडी. लाडू खड्यांत अंग खुपसून बसला तो हलेचना. खाणे बंद. अंगाचा ओलसर तजेला गेला, कातडी जुन्या कागदासारखी दिसू लागली. चार-पाच दिवसांनी मी मुलीला बाजूला घेऊन म्हणालो, पोरीला तयार करायला हवे, हा काही वाचत नाही.

खरे तर मी साताऱ्याकडचा माणूस. आपल्याकडे उन्हाळाभर बेडूक असतात कुठे? जमिनीत. वळवाचा पाऊस पडला की त्याच रात्री सगळे रान ओरडू लागते. चाकोतही तसेच. तिथे कोरडा काळ लांबला की हा बेडूक जमिनीत खोल जातो आणि सुटलेली कात न खाता एकावर एक अंगावर तशीच ठेवतो. तिचे एक वेष्टण तयार होते, आतला ओलावा आत राहतो. पाऊस आला की वेष्टण फाडून बाहेर. लाडूच्या लेखी न्यू जर्सीत कोरडा ऋतू लागला होता. मुलीने पेटीतली आर्द्रता दाखवणारे यंत्र आणले, काटा अगदी खाली. पेटीच्या जाळीवर ओले फडके टाकले, क्लोरीन काढलेल्या कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत लाडूला बसवले. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या खालच्या त्वचेतून शोषून घेतो. दोन दिवसांत त्याने ते वेष्टण ओढून काढले आणि अर्थात खाऊन टाकले. मी मनातल्या मनात केलेली श्रद्धांजली वाया गेली.

दोनदा तोंडघशी पडल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झालो नाही. मी उलट टोकाला गेलो. आता लाडूने काहीही केले की मी म्हणायचो, "काही नाही गं, बेडूक असेच असतात."

या बेडकाच्या बाबतीत माणसे अशी चुकत आली आहेत ती आजपासून नव्हे. त्याचा एक भाऊबंद अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशात राहतो, अंगावर नक्षी काढल्यासारखा, दिसायला सुंदर. तिथले लोक त्याला 'एस्कुएर्सो' म्हणतात आणि तो जहाल विषारी असल्याची समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लिओपोल्डो लुगोनेस या अर्जेंटिनी लेखकाने तर 'एल एस्कुएर्सो' नावाची भयकथाच लिहिली, १९०६ च्या त्याच्या कथासंग्रहात ती आहे. खरी गोष्ट अशी, की त्याला विषाचा दात नाही. डिवचले तर तो अंग फुगवतो, तोंड वासतो, प्रसंगी जोरात किंचाळतो आणि आलेल्या बोटाला चावतो. हे सगळे घाबरलेल्या प्राण्याचे वागणे. ते चाल करून येणाऱ्या प्राण्याचे समजले गेले, आणि दिसला की ठेचला असे झाले. आपणही कमी नाही. पाऊस लांबला की काही गावांत धोंडी काढताना जिवंत बेडूक मुसळाला बांधून दारोदार फिरवतात. त्याला त्या वेळी काय होत असेल हे लहानपणी त्या मिरवणुकीत नाचताना मलाही कधी सुचले नव्हते.

तर फेब्रुवारी. लाडू पुन्हा खाईना. पण या वेळी तो खुपसून बसला नव्हता. दिवसभर पाण्याच्या वाटीत बसायचा आणि रात्री बाहेर येऊन काचेवर पाय मारायचा. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले. मी नातीला सांगितले, "बघ, आता माणसाळला. खेळायला लागला." पोट फुगलेले म्हणजे तब्येत सुधारली, असाही माझा आपल्याकडचा हिशेब होता.

नात काही बोलली नाही. संध्याकाळी वही घेऊन माझ्या शेजारी बसली.

"आबा, हे बघा. लाडू सहा-सात दिवसांनी शी करतो. नेहमी. आता एकोणीस दिवस झाले." मग पान उलटून म्हणाली, "आणि तो कधीच चालत नाही. चार महिन्यांत एकदाही नाही. आता रोज चालतोय."

'बसला, बसला, बसला' अशा ज्या नोंदींना मी हसलो होतो, त्या आता उपयोगी पडल्या. त्यांच्यामुळेच 'चालला' हा शब्द भीतीदायक ठरत होता. दुसऱ्या एखाद्या जातीचा, झाडावर चढणारा बेडूक रात्री काचेवर चढला तर ते त्याचे नेहमीचे काम. लाडूने चढणे म्हणजे कोणीतरी शांत माणूस अचानक घरभर येरझारा घालू लागण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटांवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सरडे, कासवे, बेडूक असल्याच प्राण्यांच्या त्या डॉक्टर. त्यांनी लाडूला ओल्या हातमोज्यांनी उचलले. आधी पाय उलटून मांड्यांची आतली बाजू पाहिली. तिथे आणि पोटावर लाली दिसली तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचा संशय घ्यावा लागतो. नव्हती. मग डोळे पाहिले. फार चरबीयुक्त खाणे घातलेल्या बेडकांच्या बुबुळांवर पांढरे डाग येतात. तेही नव्हते. जबड्याची कड दाबून पाहिली, कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व कमी पडले की तो रबरासारखा लवतो. ठीक होता. मग त्या म्हणाल्या, "मला याचं खाणं-पिणं सविस्तर सांगा."

नातीने वही उघडून वाचायला सुरुवात केली. अमुक रविवारी चार गांडुळे. बुधवारी कॅल्शियमची पूड लावलेले पाच रातकिडे. पुन्हा रविवारी चार गांडुळे. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. त्या वजनाच्या आकड्यांशी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा थांबल्या. "एवढ्याच खाण्यावर डिसेंबर-जानेवारीत वजन इतकं वाढायला नको होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी खायला घालतं का?"

"नाही," नात म्हणाली. "फक्त मी."

वाचकहो, सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी बऱ्याच परीक्षांना बसलो आणि त्याहून जास्त घेतल्या, पण त्या खोलीतली ती दहा सेकंदे मला अजून आठवतात. कारण दुसरे कोणी खायला घालत होते. मी घालत होतो. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की घर खायला उठायचे. मी लाडूच्या खोलीत जाऊन बसायचो. तो माझ्याकडे पाहतोय असे वाटायचे. कधी मागचा पाय उचलून त्याची बोटे हळूहळू हलवायचा. आता कळते की हे अळीसारखी हालचाल करून भक्ष्याला जवळ ओढण्याचे त्याचे तंत्र आहे. मला मात्र तेव्हा वाटायचे, पोरगे मागतेय काहीतरी. मग फ्रिजमधला गांडुळांचा डबा काढायचा आणि दोन-तीन गांडुळे खड्यांवर सोडायची. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. आपल्या घरांत आजी-आजोबा नातवंडांच्या हातात आईच्या नकळत चिवडा-लाडू ठेवतात, अगदी त्याच हाताने.

मी सांगितले. इंग्रजीत डॉक्टरीणबाईंना आणि मग, का कोण जाणे, पुन्हा एकदा मराठीत नातीला. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरे वाटले असते. तिने पेन्सिल काढली आणि विचारले, "कुठल्या कुठल्या दिवशी?" मला ते सांगता आले नाही.

क्ष-किरण फोटोत सगळे दिसले. लाडूच्या पोटात खडे होते. हा बेडूक भक्ष्यावर तुटून पडतो तेव्हा तोंडात भक्ष्याबरोबर आजूबाजूचे जे असेल ते येते. पानाचा तुकडा, माती गेली तर निघून जाते. शेंगदाण्याएवढा गुळगुळीत खडा जात नाही. नात चिमट्याने गांडूळ थेट तोंडापुढे धरायची. तशी तिला कोणी ताकीद दिली नव्हती, तिला ते आपणहून बरे वाटले होते. मी मात्र गांडुळे खड्यांवर सोडत होतो.

बेडकाला भूल कशी देतात हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. ट्रायकेन नावाची पूड पाण्यात विरघळवतात. ती आम्लधर्मी असते म्हणून त्यात मोजून खायचा सोडा घालतात, आणि त्या पाण्यात बेडकाला बसवून ठेवतात. औषध त्वचेतून आत जाते. थोड्या वेळाने लाडूची मान खाली आली. आमच्या ट्रेमध्येही बेडूक असेच शिथिल होत, आणि पुढची कात्री माझ्या हातात असे. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी लांब चिमटा त्या भल्या मोठ्या तोंडातून जठरात घालून एकेक खडा काढला. सहा. सातवा पुढे आतड्यात गेला होता. तो कोमट पाण्याच्या रोजच्या शेकाने चार दिवसांनी बाहेर पडला, आणि आमच्या घरात त्याचे जे स्वागत झाले ते दहावीच्या निकालाचेही होत नाही. तपासताना बाईंनी आकारावरून लाडू मादी असावी असेही सांगितले. नातीने ते वहीत लिहून घेतले, पण 'तो लाडू' काही बदलला नाही. मीही इथे तेच ठेवले आहे.

बिल झाले ते लाडूच्या किमतीच्या कितीतरी पट. जावई एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला पुरेसे बोलके वाटले.

हे सगळे रविवारच्या पुरवणीत लिहिण्याचे कारण असे, की आपल्याकडेही आता 'कमी कटकटीचा' प्राणी घरी आणण्याची हौस वाढली आहे. काचेच्या भांड्यातला मासा, लाल कानाचे छोटे कासव, पिंजऱ्यातला परदेशी पक्षी. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यावे लागत नाही. माझे स्पष्ट मत आहे की 'कमी कटकटीचा प्राणी' ही दुकानदाराने केलेली फसवणूक आहे आणि आपण आनंदाने फसून घेतो. कुत्रा आजारी पडला तर केविलवाणा होतो, अन्न हुंगून सोडतो, आपल्या पायाशी येऊन पडतो. त्याची अर्धी तक्रार तो स्वतःच नोंदवतो. बेडकाच्या चेहऱ्यावर दुखणे दिसत नाही. थंड रक्ताचा जीव, त्याचे सगळे संथ. आठवडाभर न खाता तो काल होता तसाच दिसतो. आपल्या लक्षात येईपर्यंत दुखणे महिन्याचे झालेले असते. ज्याचा आवाज नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते, आणि ही कटकट कुत्र्याहून मोठी आहे.

ओळखीचे लोक आता मला फोन करून विचारतात. कोणाचे कासव, कोणाचा मासा. 'तोंड उघडं ठेवतोय, म्हणजे काय?' मी आता उत्तर देत नाही. एकाच गोष्टीचे दहा अर्थ असतात. लाडू खात नाही याचे कारण थंडी असेल, कोरडी हवा असेल, आधीच खाऊन पोट भरलेले असेल, नाहीतर आत खडा अडकलेला असेल. काही बेडकांना अ-जीवनसत्त्व कमी पडले की जिभेचा चिकटपणा जातो. तो झेप घेतो, पण भक्ष्य जिभेला लागतच नाही, आणि मालक म्हणतो याला भूक नाही. पाण्यात बसून राहणे हे कधी अंग ओले करण्यासाठी असते, कधी पोट अडल्याचे चिन्ह असते. उलट तेच पाणी दोन दिवस बदलले नाही तर त्यातला अमोनिया त्वचेतून अंगात जातो, आणि बेडूक पाय ताणून वेड्यासारख्या उड्या मारू लागतो. तेव्हा आधी त्याला स्वच्छ पाण्यात हलवायचे, बाकीचे नंतर. म्हणून मी उलट विचारतो: तो एरवी काय करतो? शेवटचे कधी खाल्ले, शेवटची घाण कधी पडली, वजन किती, पेटीत उष्णता किती? समोरून बहुधा काहीच येत नाही. कधी कोणी म्हणतो, "एरवी? एरवी तो नुसता बसलेला असतो." मग मी विचारतो, कुठे बसतो? पाण्यात की कोरड्यात? दिवसा की रात्री?

पोट फुगलेले असले, मांड्यांवर लाली असली, गुदद्वारातून काही बाहेर आलेले दिसले किंवा अंग लटपटत असले तर मात्र मी काहीच विचारत नाही, डॉक्टरकडे जा म्हणतो. घरगुती उपाय तर मुळीच करू नका म्हणून सांगतो. बेडकाची त्वचा गाळणीसारखी असते. आपल्या हाताचे मीठ, साबण, क्रीम, सगळे आत जाते. मी स्वतः एकदा गुडघ्याला बाम चोळून तसाच लाडूला उचलायला निघालो होतो. नातीने दारात अडवले.

एप्रिलमध्ये मी परत आलो तोवर पेटीतले खडे जाऊन नारळाच्या काथ्याचा ओला भुसा आला होता. लाडू त्यात डोळ्यांपर्यंत रुतून बसायचा, पुन्हा काही करेनासा झाला होता. घरी आल्यावर एके दिवशी माळ्यावरून जुने ट्रे खाली काढले. महाविद्यालयाने मोडीत काढले तेव्हा मी दोन घरी आणले होते, का ते आठवत नाही. मेण पिवळे पडले होते आणि त्यावर टाचण्यांची भोके तशीच होती. मी ते भंगारवाल्याला दिले.

२०२४ मध्ये पुन्हा जाणे झाले. लाडू होता. नात आता माझ्या खांद्याला लागत होती. मी आपणहून वही मागितली. तिने दिली. रकाने तेच होते, फक्त 'खाणे' याच्या शेजारी एक नवा, अरुंद रकाना आखलेला होता, 'आबांनी दिलेले'. मी नसतानाच्या सगळ्या महिन्यांत त्यात ओळीने शून्ये होती.

रात्री पाणी प्यायला उठलो, फ्रिज उघडला. गांडुळांचा डबा खालच्या कप्प्यात, पूर्वीच्याच जागी. झाकणावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, देवनागरीत, 'विचारून' मधला 'वि' ऱ्हस्व लिहायला न विसरता: 'आबा, विचारून.'